घरच्या तिन्ही गाड्या बंद

"हॅलो?… हं, बोल बारके… छे गं, झोपतोय कसला, अकरा वाजलेत… अगं, हात भरलेत माझे. थांब, फोन खांद्यावर घेतो… हं. आता बोल."

थोरला बेसिनपाशी उभा होता. दोन्ही तळहातांवर साखर आणि कपड्यांचा साबण. ग्रीस घालवायला याहून नामी उपाय नाही, असं बाबा सांगत आले होते. ग्रीस जात नव्हतं. नखांच्या कडांना काळी रेघ राहिलीच होती. पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या माणसाच्या नखांत ग्रीस कुठून आलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर तयार नव्हतं. धाकट्या बहिणीने ते फोनवरून विचारण्याची शक्यता नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

"बाबा ना? खाली आहेत, पार्किंगमध्ये… हो, मावशीचं बॉनेट उघडून बसलेत… टोपी आहे गं डोक्यावर. पाण्याची बाटली पण दिलीय… अगं ऐक ना, तिन्ही बंद आहेत. मावशी बंद, जावई बंद, आणि आत्या तर परवा भर चौकात… नाही, ऐक तर, हसशील तू. मागे बस, पुढे पोलीस, आणि मी मध्ये आत्याला हाताला धरून चालवत नेतोय, तिला आजारपणातून उठवल्यासारखा. तो पोलीस मला म्हणतो, काका, सावकाश न्या, पडतील."

पलीकडून हसू आलं नाही.

घरातल्या गाड्यांना नावं बाबांनी ठेवली होती. स्कूटर म्हणजे जावई, कारण मनधरणी केल्याशिवाय ती जागची हलत नसे आणि चारचौघांत हमखास रुसे. थोरल्याची मोटरसायकल ती आत्या. आवाज साऱ्या बिल्डिंगला पुरेल एवढा, काम बेताचं. खरी आत्या हयात होती तोवर तिच्यासमोर हे नाव काढायला बंदी होती. आणि जुनी चारचाकी ती मावशी. हे नाव पडलं तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता आणि बारकी पाच. गाडी एका चढावर बंद पडली होती, आई मागच्या सीटवर तोंड फुगवून बसली होती. बाबा खाली उतरले, बॉनेटवर बोटाने टकटक केली, कान लावला, आणि मुलांकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मावशी घरी नाहीत." आईसुद्धा हसली होती. मग बाबांनी बाह्या वर केल्या.

घराचा नियम तोच. गाडी बंद पडली की आधी हसायचं, मग बॉनेट उघडायचं.

आणि नियम करणारा माणूस साधा नव्हता. बाबांनी अडतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शहरातल्या निम्म्या लोकांचा उजवा पाय त्यांनी घडवला होता. उरलेल्या निम्म्यांना कुणी शिकवलं, ते रस्त्यावर दिसत होतंच.

"हसली नाहीस… नाही, म्हणजे आपली पद्धत आहे म्हणून म्हटलं… काय? एकाच महिन्यात तिन्ही म्हणजे… योगायोग गं. वय झालं त्यांचं. एक पडली की बाकीच्यांना वाटतं, आपणही पडावं… काय सांगू अजून? … नाही, लपवतोय कुठे…"

त्याने नळ बंद केला. टॉवेल घेतला, टॉवेलला काळे डाग पडले, टॉवेल घडी करून डाग आत घातले. मग खिडकीशी गेला. तीन मजले खाली मावशीचा जबडा उघडा होता आणि त्यात बाबांची पांढरी टोपी.

"बरं. ऐक. पण मध्ये बोलू नकोस… मावशीचा रोटर मी काढलाय… मीच. आणि जावयाचा प्लग पण… हो. मुद्दाम… आत्याला मी हात लावलेला नाही हं. तिची क्लचची वायर तिची तीच तुटली. तिघांत ती एकटीच प्रामाणिक."

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. इंजिनाशेजारच्या एका टोपणाखाली बसतो. तेवढा काढून घेतला की गाडी बाहेरून धडधाकट दिसते आणि चालू मात्र होत नाही. मुलाला हे ठाऊक होतं, कारण बापाने शिकवलं होतं.

"तुला सांगणार होतो… कधी म्हणजे, सांगणारच होतो. शाळेपाशी जे झालं त्यानंतर… नाही, 'गाडीला थोडं खरचटलं' असं मी म्हणालो होतो तुला. खरचटलं नव्हतं. … ऐक ना, सांगतो."

एकोणीस दिवसांपूर्वी दुपारी बाबा मावशीला घेऊन चष्मा दुरुस्त करून येत होते. शाळा सुटली होती. फाटकापुढे पोरांची रांग रस्ता ओलांडत होती आणि मावशी थांबायच्या जागी थांबली नाही. फार नाही, दोन हात पुढे गेली. एका मुलीचं दप्तर चाकाखाली आलं. मुलगी नाही, दप्तर. आत पाण्याची बाटली फुटली तिचा आवाज असा झाला की सगळा रस्ता एकदम गप्प झाला, असं फाटकावरच्या रखवालदाराने नंतर थोरल्याला सांगितलं. रखवालदार बाबांकडेच गाडी शिकला होता. त्यानेच बाबांना बाजूच्या सीटवर सरकवून, गाडी चालवत घरी आणलं. त्याच संध्याकाळी थोरल्याने मुलीच्या घरी जाऊन नवं दप्तर दिलं आणि जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं.

बाबा मात्र घरात शिरताना चपला काढता काढता म्हणाले होते, "आज मावशीने दप्तर तपासलं."

आणि थोरला हसला होता. सवयीने. हसून झाल्यावर त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर त्यावर विनोद केल्याची खूण नव्हती. झालेली गोष्ट विसरल्याचीही नव्हती. काहीच नव्हतं. गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. बाबांनी बारकीला आईच्या नावाने हाक मारली, की ती थट्टा. चहात मीठ घातलं, तीही थट्टा. ज्या घरात प्रत्येक बिघाडावर हसायची पद्धत, त्या घरात खरा बिघाड फार उशिरा लक्षात येतो.

"डॉक्टर म्हणाले, तपासण्या सावकाश करू. गाडी मात्र आजपासून बंद… मला सांगितलं. बाबा बाहेर वजन करत होते… हो, तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी येताना सांगणार होतो. मग म्हटलं जेवण होऊ दे. मग म्हटलं सकाळी. मग सकाळी सव्वासहाला खाली जाऊन रोटर काढला… हसू नकोस… बरं, रडू पण नकोस. … तू सांगितलं असतंस का? अडतीस वर्षं ज्याने लोकांना गाडी शिकवली त्याला तोंडावर म्हणायचं, की तुम्हाला गाडी येत नाही?"

तो बोलत होता आणि खाली पांढरी टोपी हलत होती. बाबांनी इंजिनात हात घातला, बाहेर काढला, पुसला. पुन्हा घातला. शेजारी बसायला छोटं स्टूल, जमिनीवर पाना आणि पक्कड ओळीने मांडलेली. गेले दोन आठवडे रोज हाच कार्यक्रम. अकरा वाजता थोरला चहा घेऊन खाली जायचा आणि विचारायचा, सापडला का बिघाड? बाबा म्हणायचे, जवळ आलोय. काल मात्र म्हणाले होते, उद्या सापडेल बहुतेक. त्या एका वाक्याच्या धसक्याने आज ते अंघोळीला गेले असताना थोरल्याने धावत जाऊन बॅटरीची वायरसुद्धा सैल करून ठेवली होती. ग्रीस त्याचं.

"काय? … सकाळी आठला? तुला फोन केला होता त्यांनी? … मग आधी का नाही बोललीस? मला एवढं सगळं बोलायला लावलंस… काय म्हणाले? … नाही, आधी ते सांग… कुठे ठेवलाय म्हणजे? लपवलाय. नीट लपवलाय, माळ्यावर, जुन्या शब्दकोशांच्या मागे… डब्यात… कुठल्या डब्यात म्हणजे, आपल्या डब्यात…"

त्याने माळ्याकडे पाहिलं.

आपला डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गाडीचा कुठलाही भाग काढला की तो त्यात जायचा, सोबत चिठ्ठी: कुठली गाडी, कुठला भाग, कुठला दिवस. खिशातला नट धुण्यात जातो, डोक्यातला वाऱ्यावर जातो, डब्यातला डब्यात राहतो, हे बाबांचं वचन दोन्ही मुलांनी पाढ्यांच्या आधी पाठ केलं होतं.

"हो… लावली आहे चिठ्ठी… अगं सवय आहे हाताला, काय करू? … हो. गाडीचं नाव, भाग, वार, वेळ… माझ्याच अक्षरात, दुसऱ्या कुणाच्या असणार? … कळतंय मला, चोराने पावती ठेवून जावं तसं झालं. दुसऱ्यांच्या चुका शोधून जेवतो मी, बारके, माझी मला दिसली नाही… थांब. थांब, बघतो."

स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तो त्यावर चढला. एका हाताने शब्दकोश सरकवले. डबा होता त्याच जागी होता. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून त्याने झाकण काढलं.

"आहे गं. दोन्ही आहेत. रोटर पण आहे, प्लग पण…"

रोटर त्याने तसाच टाकला होता, तेलकट, चिठ्ठीवर उताणा. आता तो मऊ फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं उलगडलं. तुकडा लखलखीत पुसलेला, पितळी टोक बारीक कागदाने घासून चकचकीत केलेलं. चिठ्ठीवर थोरल्याची ओळ होती आणि तिच्याखाली पेन्सिलने, उजवीकडे कललेल्या अक्षरात, आणखी एक.

"…आहे. आहे मी, फोन नाही कट झाला… त्यांनी लिहिलंय. 'पुसून ठेवावा. टोकाला गंज धरतो.' … हो. एवढंच. … आणि तारीख… थांब, मोजतो. … अकरा दिवस."

तो स्टुलावरच बसला.

"अकरा दिवस, बारके. अकरा दिवस ते माहीत असलेला बिघाड शोधत बसलेत. आणि मी चहा घेऊन जातोय… नाही, तू समजून घे ना. मी विचारतोय सापडला का, आणि ते म्हणतायत जवळ आलोय. तोंडावरची सुरकुती न हलवता… आत्या बंद पडली त्या दिवशी मी म्हटलं, बाबा, हिला पण बघता का. तिच्याकडे बघून काय म्हणाले माहितीय? 'हिचं दुखणं खरं दिसतंय, हिला मेकॅनिककडे ने.' मला वाटलं, थकले असतील. …"

बाहेर जिन्यात कुणीतरी कचऱ्याची बादली आपटली. त्याने रोटर मुठीत धरला.

"आता सांग. काय म्हणाले ते? शब्द न् शब्द सांग… हं. … हं. … शाळेचं? त्यांना आठवतंय? … सगळं? … 'खाली बघितलं तर दोन पाय होते, आणि कुठला कशासाठी ते आठवेना.' असं म्हणाले? … हसत म्हणाले का? … नाही. … मुलीच्या रिबिनीचा रंग पण सांगितला? … बस, बस. पुरे."

त्याने रोटर पुन्हा फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला.

"मला का नाही सांगितलं त्यांनी? … हो. … हो, मी काहीतरी विनोद केला असता. बरोबर आहे… नाही, राग नाही आला. खरंच केला असता. … आणि म्हणून मग हे? म्हणजे मला बोलता येत नाही, म्हणून ते रोज खाली जाऊन बसतात? मला अजून एक दिवस मिळावा म्हणून? … 'त्याला सांग, लवकर बोल, त्या स्टुलावर गुडघे दुखतात.' … असं म्हणाले? … अगं, हे म्हणाल्यावर तू हसलीस की नाही? … हो ना. मलाही तेच होतंय. हसूही येतंय आणि…"

त्याने बाहीने नाक पुसलं.

"तू सांग ना त्यांना. फोनवरून. डॉक्टर आहेस तू… दातांची तर दातांची, डॉक्टर तर आहेस. लोकांना 'काढावा लागेल' असं सांगायची सवय आहे तुला… नाही. नाही, ठीक आहे. मलाच सांगायचंय. ते माझ्यासाठी थांबलेत… चालू राहू दे फोन. तू ठेवू नकोस. काही बोलू नकोस, पण ठेवू नकोस."

तीन मजले तो एकेक पायरी करत उतरला. मुठीत रोटर, कानाला फोन, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हे त्याला तळमजल्यावर कळलं. पार्किंगमध्ये सावली होती. जावई भिंतीशी मान वळवून उभा होता, आत्या त्याला टेकून. बाबांनी इंजिनातून डोकं बाहेर काढलं आणि आधी मुलाच्या पायांकडे पाहिलं.

"हो बाबा, दिसलं. घाईत घातल्या… बारकी आहे फोनवर. … नाही, चहा नाही आणला आज."

त्याने मूठ उघडली. बाबांनी तुकड्याकडे पाहिलं, पण घेतला नाही.

"मी काढला होता. … माहीत आहे तुम्हाला माहीत आहे. तरी सांगतोय. आणि प्लग पण. … आणि आज बॅटरीची वायर."

ते शेवटचं बाबांना नवीन होतं. त्यांनी वाकून बॅटरीकडे पाहिलं, आणि त्यांचे खांदे दोनदा हलले, आवाज न करता हसताना हलत तसे. थोरल्याला तिथे थांबता आलं असतं. बिघाड सापडला होता, दोघं हसले होते, घराचा नियम पाळून झाला होता. त्याने फोन छातीशी धरला.

"बाबा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही."

वाक्य सहा शब्दांचं होतं. त्याला एकोणीस दिवस लागले होते.

बाबांनी त्याच्या तळहातावरून रोटर उचलला, टोपण काढलं, तुकडा बसवला, टोपण लावलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. हातांना सगळं आठवत होतं. बॅटरीची वायर आवळली, बॉनेट खाली घेतलं, ते आपटू नये म्हणून शेवटी तळव्याने दाबलं. हात फडक्याला पुसले, एकेक बोट. मग खिशातून जुडगा काढला. त्यात मावशीची किल्ली शोधायला त्यांना वेळ लागला. दोनदा ती समोरून गेली तरी त्यांनी पुढची धरली. थोरला हात पुढे करणार होता, पण त्याने केला नाही. तिसऱ्यांदा सापडली. त्यांनी ती कडीतून सोडवली, मुलाच्या हातात दिली, आणि गाडीला वळसा घालून निघाले.

"हॅलो… आहेस ना? … सांगितलं. … काही नाही बोलले. किल्ली दिली. … नाही, ते नाही रडले. … मी काय ते जाऊ दे."

दार उघडल्याचा आवाज झाला.

"आता? आता गाडीत बसलेत. … अगं नाही, तिथे नाही. शेजारच्या सीटवर. … हो, शिकवायला बसायचे तिथे. पट्टा पण लावला… मला खुणेने बोलावतायत."

त्या बाजूला पूर्वी शिकवणाऱ्याचे स्वतंत्र क्लच आणि ब्रेक होते. शिकाऊ माणूस गडबडला की बाबांचा पाय दाबला जायचा आणि गाडी थांबायची. अडतीस वर्षांत ती एकदाही नको तिथे गेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी स्कूल बंद झालं तेव्हा ती पेडलं काढून टाकली. आता खाली नुसती चार भोकं होती आणि त्यावर रबरी पायपुसणं. थोरला स्टिअरिंगपाशी बसला. बाबांनी उजवी टाच पायपुसण्यावर टेकवली, चवडा वर उचलला आणि समोर पाहू लागले.

"बसलोय गं. … म्हणतायत, सीट पुढे घे. … म्हणतायत, आरसा माझ्यासाठी लावलेला आहे, तुझ्यासाठी लाव. … चौकापर्यंत जाऊन यायचं म्हणतायत. … हो बाबा, तीच आहे अजून. … बारके, म्हणतायत, घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडे आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"…हो. काढलाय ना तो. तू होतीस तेव्हा… मला माहीत आहे. … त्यांना? … बघतोय ना. चेहरा नेहमीसारखाच आहे. थट्टा असेल. … पाय? पाय तयार ठेवलाय. … नाही कळत, बारके. खरंच नाही कळत… काय म्हणू? 'बरं' म्हटलं मी त्यांना. …

हो बाबा. हो, ठेवतो. … ठेवतो गं. फोन कानाला लावून गाडी सुरू करायची नाही म्हणतायत."